‘उडती शवपेटी’ आणि बावीस वर्षांचे पायलट

तुमच्या वर्गात एकवीस-बावीस वर्षांचे किती जण आहेत? जरा मान वळवून बघा. कुणी प्लेसमेंटच्या टेन्शनमध्ये असेल, कुणी असाइनमेंट कॉपी करत असेल, कुणाला अजून बाइक धड चालवता येत नसेल. आता याच वयाच्या मुलांना दोन इंजिनांचं अवाढव्य विमान दिलंय, असं समजा. मागे पेट्रोलची पिंपं खच्चून भरलेली. खाली आसामचं जंगल, समोर ढग आणि ढगांच्या आत डोंगर. रडार नाही, जीपीएस नाही, हवामानाचा अंदाज म्हणजे आधी जाऊन आलेल्या पायलटनं सांगितलेली दोन वाक्यं. आणि ज्या विमानात बसलोय त्याला आपलेच लोक ‘उडती शवपेटी’ म्हणतात, हेही माहीत.

ही सिनेमाची स्टोरी नाही. १९४३ ते १९४५ या काळात हे आपल्या देशात, आसाममधल्या छाबुआ, दिनजान, जोरहाट, मोहनबारी अशा धावपट्ट्यांवर रोज घडत होतं. दुसऱ्या महायुद्धावरचे आपण पाहिलेले बहुतेक सिनेमे युरोपातले. त्यामुळे युद्धातली सर्वांत धोकादायक मालवाहतूक आपल्या ईशान्य भारतातून चालायची, हे आपल्यापैकी अनेकांच्या गावीही नसतं.

रस्ता बंद, म्हणून आकाश

१९४२ च्या वसंतात जपाननं बर्मा, म्हणजे आजचा म्यानमार, जिंकला आणि चीनला रसद पोचवणारा बर्मा रोड तुटला. चीन लढत राहिला तरच जपानचं लाखोंचं सैन्य तिथे अडकून राहणार होतं, म्हणून अमेरिकेला काहीही करून चीनला इंधन, दारूगोळा, औषधं, ट्रकचे सुटे भाग पोचवायचे होते. समुद्र बंद, रस्ता बंद. उरलं आकाश. आसाममधून उडायचं, हिमालयाच्या पूर्व टोकाकडच्या डोंगररांगा ओलांडायच्या आणि चीनमधल्या कुनमिंगला उतरायचं. अंतर साधारण ८०० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून रस्त्यानं नागपूर गाठण्याइतकं. पण मध्ये इरावती, साल्विन आणि मेकाँग या नद्यांची खोरी आणि त्यांच्यामध्ये उभे असलेले पंधरा हजार फुटांचे कडे. या डोंगराच्या कुबडाला पायलट मंडळींनी नाव ठेवलं ‘द हम्प’. तेच नाव पुढे सगळ्या मोहिमेला चिकटलं.

धावपट्ट्या बांधायला चहाच्या मळ्यांतले मजूर लावले गेले. पिंपं विमानात चढवायला कधी कधी चक्क हत्ती. हत्ती सोंडेनं पिंप उचलून विमानाच्या दारात ठेवतोय, असे त्या काळातले फोटो आजही पाहायला मिळतात.

सुरुवातीला या मार्गावर मुख्य भार होता डकोटा विमानांवर. डकोटा म्हणजे भरवशाची म्हैस. कुठेही उतरेल, कशीही चालेल. पण माल कमी नेणार आणि भरल्या पोटी फार उंच जाणार नाही. मग १९४३ च्या उन्हाळ्यात आसाममध्ये नवं विमान आलं. कर्टिस सी-४६ कमांडो.

कागदावर एकदम भारी

सी-४६ ची कुंडली पाहिली तर कुणीही प्रेमात पडेल. त्या काळातलं दोन इंजिनांचं जवळपास सर्वांत मोठं विमान. पंखांची लांबी १०८ फूट, म्हणजे चार इंजिनांच्या प्रसिद्ध बी-१७ बाँबरपेक्षाही जास्त. अठरा सिलिंडरची दोन इंजिनं, प्रत्येक दोन हजार अश्वशक्तीचं. डकोटापेक्षा जास्त माल घेऊन जास्त उंच उडणारं.

मुळात हे सैन्यासाठी बनवलेलंच नव्हतं. कर्टिस-राइट कंपनीला आरामदायी प्रवासी विमान बनवायचं होतं. त्याचा पहिला नमुना २६ मार्च १९४० रोजी उडाला. केबिनमध्ये हवेचा दाब राखता यावा म्हणून धडाचा आकार इंग्रजी आठच्या आकड्यासारखा ठेवला होता, एकावर एक ठेवलेल्या दोन गोलांसारखा. मग युद्ध पेटलं. सैन्याला मोठं पोट हवं होतं, ते या विमानाला होतं. दाबाची व्यवस्था बाजूला ठेवली, गाद्यांच्या खुर्च्या काढल्या, फळ्या टाकल्या आणि विमान थेट जगातल्या सर्वांत वाईट हवाईमार्गावर धाडलं.

आजच्या भाषेत सांगायचं तर बीटा व्हर्जन थेट लाँच केलं. टेस्टिंग करायला वेळ कुणाकडे होता? त्यामुळे टेस्टिंग झालं ते हिमालयावर, आणि टेस्टर होते ते बावीस वर्षांचे पायलट.

दोष एकामागून एक बाहेर यायला लागले. हायड्रॉलिक नळ्या गळायच्या. प्रोपेलरचं पातं कोणत्या कोनात फिरावं हे ठरवणारी विजेची यंत्रणा रुसायची. इतक्या नळ्या आणि इतकी गळती की मेकॅनिक मंडळींनी विमानाचं नाव ठेवलं ‘प्लंबरचं दुःस्वप्न’. कंपनीचं नाव जोडून आणखी एक टोपणनाव पडलं, ‘कर्टिसचं संकट’. विमानात शेकडो बदल करावे लागले. ते बदल होत असताना उड्डाणं मात्र थांबत नव्हती.

इंजिनात बर्फ कसा?

सायन्सवाल्यांनो, हा भाग तुमच्यासाठी. विमान पडायची काही कारणं सरळ होती. वादळ, डोंगर, चुकलेली दिशा. पण दोन कारणं अशी होती की वाचताना आपलं अकरावीचं फिजिक्स आठवतं.

पहिलं, कार्ब्युरेटरमधला बर्फ. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होऊन ती हवेत मिसळते. वाफ होताना पेट्रोल आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. हातावर सॅनिटायझर टाकल्यावर गार लागतं ना, तेच. त्यामुळे बाहेरचं तापमान शून्याच्या वर असलं तरी कार्ब्युरेटरच्या आत ते शून्याखाली जाऊ शकतं. आसामच्या पावसाळी ढगांत बाष्पाला तोटा नाही. ते बाष्प आत गोठतं, हवेची वाट अरुंद होते आणि इंजिन खोकत खोकत बंद पडतं. एक इंजिन बंद पडलं की भरलेलं सी-४६ उंची राखू शकत नसे. मग आधी माल बाहेर फेकायचा. तरीही भागलं नाही, तर स्वतः उडी मारायची.

दुसरं कारण जास्त भयानक. काही विमानं हवेतच पेटायची किंवा स्फोट होऊन फुटायची. मे १९४३ ते मार्च १९४५ या काळात अशा किमान ३१ घटना नोंदल्या गेल्या. शिवाय जी विमानं नुसतीच गायब झाली, ती वेगळी. स्फोट झालेलं विमान जंगलात पडतं, पुरावा जळून जातो, सांगायला कुणी उरत नाही. मग कारण शोधायचं कसं?

कारण होतं पंखात. इंधनाच्या टाक्या पंखांमध्ये होत्या. कुठे थोडं इंधन गळलं, तर ते बाहेर पडून वाऱ्यावर उडून जायला हवं. सी-४६ मध्ये मात्र ते पंखाच्या आतल्या आत वाहत धडाकडे यायचं आणि पंख जिथे धडाला जोडलेला असतो तिथे साठायचं. तिथेच विजेचे पंप आणि स्विच होते. एक ठिणगी पुरेशी.

उपाय काय होता? युद्धानंतर या विमानांच्या पंखांना हवा खेळती राहील अशी वाट करून दिली, इंधनाचे पंप स्फोटाला कारण ठरणार नाहीत असे बसवले, स्विचना आवरण घातलं. एवढंच! गळती तर प्रत्येक यंत्रात होते. इथे चूक ही होती की गळलेल्याला बाहेर जायला वाट नव्हती. ते आत साठत राहिलं आणि वरून सगळं ठीक दिसत राहिलं.

एक उडी, एकवीस माणसं

तारीख २ ऑगस्ट १९४३. छाबुआहून कुनमिंगला निघालेल्या एका सी-४६ मध्ये चालक दलासह २१ जण होते. त्यात होते सीबीएस रेडिओचे पत्रकार एरिक सेव्हराइड आणि अमेरिकी राजनैतिक अधिकारी जॉन पेटन डेव्हिस. तासाभरात डावं इंजिन बंद पडलं. सामान बाहेर फेकलं, तरी विमान खाली जातच होतं. शेवटी एकेकानं पॅराशूट घेऊन उडी मारली. त्यांच्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात कधी उडी मारलेली नव्हती. वीस जण वाचले. को-पायलट चार्ल्स फेलिक्स मात्र मृत्युमुखी पडला.

खाली होता नागा डोंगराळ प्रदेश, पांगशा परिसर. तिथल्या नागांबद्दल विमानतळावर ‘मुंडकी तोडणारे लोक’ एवढीच माहिती होती. याच भागातलं पांगशा गाव ब्रिटिश सरकारच्या मोहिमेत १९३६ साली जाळलं गेलं होतं. म्हणजे गोऱ्या माणसावर राग धरायला तिथल्यांकडे कारण होतं. तरी गावकऱ्यांनी आभाळातून पडलेल्या या माणसांना खायला दिलं, आसरा दिला.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. लष्करी डॉक्टर डॉन फ्लिकिंजर आणि त्यांच्या दोन सहायकांनी जखमींसाठी वरून उड्या मारल्या. परत यायची काही व्यवस्था नाही, हे माहीत असूनही. पुढचे दोनेक आठवडे विमानातून अन्नधान्य टाकलं जात होतं. मग मोकोकचुंगचे तरुण ब्रिटिश अधिकारी फिलिप अ‍ॅडम्स नागा सोबत्यांसह डोंगर तुडवत पोचले आणि सगळ्यांना चालवत परत घेऊन आले. ऑगस्ट संपायच्या आत मंडळी सुखरूप बाहेर पडली. सेव्हराइड पुढे अमेरिकेतले नामांकित पत्रकार झाले आणि त्यांनी हा अनुभव आपल्या पुस्तकात लिहिला.

या घटनेनंतर शोध आणि सुटकेचं काम जोर धरू लागलं. त्याच वर्षी छाबुआला कॅप्टन जॉन पोर्टर यांच्या नेतृत्वाखाली एक खास तुकडी उभी राहिली. पडलेल्यांना शोधायचं, वरून सामान टाकायचं, बाहेर काढायचं. पोर्टर स्वतः डिसेंबर १९४३ मध्ये एका शोधमोहिमेत मारले गेले. पण तुकडीचं काम थांबलं नाही. संपूर्ण मोहिमेत विमान पडूनही सुमारे १२०० जण जिवंत परत आले. त्यातल्या कित्येकांचा जीव वाचला तो नागा, काचिन, लिसू अशा डोंगरी लोकांमुळे. त्यांची नावं मात्र फारशी कुठे नोंदलेली नाहीत.

‘६५० तास भर आणि घरी जा’

आता खरी गंमत. गंमत कसली, शोकांतिकाच. विमान वाईट होतं, हवामान वाईट होतं, हे मान्य. पण अपघातांचं आणखी एक कारण ऑफिसातल्या एका नियमात दडलं होतं.

नियम असा होता की पायलटचे ६५० तास उड्डाण पूर्ण झालं की त्यानं घरी जायचं. ऐकायला छान. पण तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं? आजारी असलात तरी उडाला असतात, झोप झाली नसली तरी उडाला असतात. कारण जितके जास्त तास, तितकं लवकर घर. झालं तसंच. कित्येक पायलट चार महिन्यांत हिशेब संपवायला बघायचे. डोळ्यांवर झोप आणि हातात सी-४६.

सप्टेंबर १९४४ मध्ये मोहिमेची सूत्रं ब्रिगेडियर जनरल विल्यम टनर यांच्याकडे आली. टनर यांचा स्वभाव कडक. दाढी केलीच पाहिजे, बूट चमकलेच पाहिजेत. मुलं वैतागली. पण टनर यांनी नियम बदलला. आता ७५० तास, आणि किमान एक वर्ष आसाममध्ये राहायचंच. म्हणजे घाई करून काही फायदाच नाही. पायलट सुरुवातीला चिडले, पण त्यांना झोप मिळू लागली.

दुरुस्तीची पद्धतही बदलली. आधी एकच टीम एका विमानाचं सगळं काम करायची. आता विमान एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर ढकलत न्यायचं आणि प्रत्येक ठिकाणी ठरलेल्या कामात तरबेज असलेली माणसं तेवढंच काम करणार. मोटारीच्या कारखान्यासारखं. प्रत्येक अपघाताची चौकशी व्हायला लागली. ‘नशीब’ म्हणून सोडून देणं बंद झालं.

परिणाम? माल वाढला आणि अपघातांचं प्रमाण घसरलं. जुलै १९४५ या एका महिन्यात ७१ हजार टनांहून अधिक माल चीनला गेला. १ ऑगस्ट १९४५ रोजी चोवीस तासांत ११०० हून अधिक फेऱ्या झाल्या, म्हणजे दर सव्वा मिनिटाला एक, आणि त्या दिवशी एकही अपघात झाला नाही. ‘सेफ्टी पाळत बसलो तर काम कधी होणार?’ असं म्हणणारा एक तरी सिनिअर प्रत्येक ठिकाणी असतो. त्याला हा आकडा जरूर सांगा.

पण तोपर्यंतची किंमत मोठी होती. संपूर्ण मोहिमेत साडेसहा लाख टन माल गेला आणि सुमारे ६०० विमानं गमावली गेली. १३०० हून अधिक माणसं मेली, शिवाय शेकडो बेपत्ता. स्वच्छ हवेत खाली चमकणारे तुटके पंख पाहून रस्ता ओळखता येतो, असं पायलट म्हणायचे. त्या वाटेला त्यांनी नाव दिलं होतं ‘अ‍ॅल्युमिनियमची पायवाट’.

तेरा महिन्यांचं बाळ

ही गोष्ट १९४५ मध्ये संपायला हवी होती. संपली नाही.

जानेवारी १९४५ च्या पहिल्या आठवड्यात हम्पवर भीषण वादळ झालं. त्यात अनेक विमानं गेली. त्यांतलंच एक सी-४६ कुनमिंगहून निघालं होतं. आत १३ जण होते. ते विमान पोचलंच नाही. त्यातल्या एका तरुणाच्या बायकोला अमेरिकेत तार मिळाली, तुमचे पती बेपत्ता आहेत. तिच्या मांडीवर तेरा महिन्यांचं बाळ होतं.

ते बाळ मोठं झालं, नोकरी करून निवृत्त झालं, म्हातारं झालं. वडील कुठे आहेत, हा प्रश्न तसाच. शेवटी त्यानं क्लेटन कूल्स या अमेरिकी गिर्यारोहकाला गाठलं. कूल्स अनेक वर्षं अरुणाचल आणि आसपासच्या डोंगरांत हम्पची विमानं शोधत आहेत. हे काम त्यांना एकट्यानं जमण्यासारखं नाही. वाट माहीत असते ती स्थानिक लिसू समाजातल्या वाटाड्यांना. छातीइतक्या पाण्यातून नद्या ओलांडायच्या, बर्फात तंबू टाकायचा.

सप्टेंबर २०१८ मध्ये याच शोधात असताना अवेळी बर्फाचं वादळ आलं आणि तीन लिसू वाटाडे थंडीनं गारठून मेले. डिसेंबर २०२१ मध्ये टीम पुन्हा वर चढली आणि बर्फाच्छादित शिखरावर ते विमान सापडलं. शेपटीवरच्या नंबरवरून ओळख पटली. आत कुणाचे अवशेष मिळाले नाहीत. पण ऐंशीच्या उंबरठ्यावर पोचलेल्या एका मुलाला कळलं, बाबा इथे आहेत.

या अपघातातल्या मृतांचा हिशेब तुम्ही कसा मांडाल? तेरा की सोळा? १९४५ मध्ये घाईनं उडवलेल्या विमानाची किंमत २०१८ मध्ये अरुणाचलच्या तीन घरांनी मोजली. त्या घरांतही मुलं असतीलच.

आणि आज?

सी-४६ तीन हजारांहून अधिक बनली होती. आज जगात उडणारी विमानं बोटांवर मोजता येतील. कॅनडा आणि अलास्काच्या बर्फाळ भागात काही विमानं अगदी अलीकडेपर्यंत माल वाहत होती. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये कॅनडात एका सी-४६ चं उजवं इंजिन हवेत बिघडलं. पायलटांनी मार्ग बदलून विमान एका छोट्या धावपट्टीवर चाकांशिवाय, पोटावर उतरवलं. सगळे सुखरूप. सत्तरी उलटलेलं तेच मॉडेल, तसाच इंजिनाचा बिघाड. फरक एवढाच की खाली धावपट्टी होती आणि समोर हिमालय नव्हता.

पासीघाटला, अरुणाचल प्रदेशात, नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘द हम्प’ मोहिमेचं संग्रहालय सुरू झालं. जंगलातून आणलेले विमानांचे तुकडे तिथे ठेवले आहेत. ईशान्येची ट्रिप प्लॅन करत असाल, तर तवांग आणि झिरोच्या यादीत पासीघाट टाका. वाकड्या झालेल्या त्या पत्र्यासमोर पाच मिनिटं उभे राहा. रील नंतर.

आणि परत आल्यावर एक काम करा. इंजिनीअरिंगला असाल, फार्मसीला असाल, फेस्टची कमिटी चालवत असाल किंवा उद्या पहिल्या नोकरीवर रुजू होणार असाल, आपल्या कामात काय गळतंय ते बघा. लॅबमधली उघडी वायर, ट्रेकच्या ग्रुपमधला जुनाट दोर, ‘सर चिडतील’ म्हणून न सांगितलेलं चुकीचं रीडिंग, ‘डेडलाइन आहे’ म्हणून सलग तिसरी जागून काढलेली रात्र. गळती प्रत्येक ठिकाणी असते. तुमच्या टीममध्ये ती मोठ्यानं सांगायची सोय आहे का, एवढं विचारा. नसेल, तर ती कुठेतरी आत साठत असणार.

सी-४६ च्या पंखांना वाट करून द्यायचं काम तसं साधंच होतं. ज्यांना त्याची गरज होती, ती मुलं मात्र तोपर्यंत थांबली नव्हती.